तळटीप : मेद आणि दाह यांमधला दुवा

* मूळ मजकुरात ‘पीपार-गॅमा’ हे प्रथिन फक्त ‘चरबी साठवणारे’ म्हणून येते. आमच्या मते हे वर्णन अपुरे आहे. पेशीकेंद्रात राहून जनुके चालू-बंद करणारे हे प्रथिन मेदपेशी घडवते, हे 1994 मध्ये दिसले. पण 1998 मध्ये, त्याला चेतवणाऱ्या औषधांनी महाभक्षक पेशींतले, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींतले, दाहाचे संदेशही मंदावतात असे आढळले. त्यावर रास्त आक्षेप आला : हे प्रथिन नसलेल्या पेशींतही तीच औषधे दाह कमी करतात, मग श्रेय नेमके कोणाचे? औषधाचे काही परिणाम स्वतंत्र आहेत, हे मान्यच करायला हवे. मात्र 2005 मध्ये यंत्रणाच हाती लागली. एरवी जिवाणूची चाहूल लागताच दाहाच्या जनुकावर ठाण मांडलेला दमनकारी प्रथिनसंच तिथून उठतो आणि जनुक जागे होते. ‘सुमो’ नावाचे चिमुकले प्रथिन चिकटलेले पीपार-गॅमा त्या संचाला उठूच देत नाही. पुढे 2007 मध्ये उंदरांच्या केवळ महाभक्षक पेशींतून पीपार-गॅमा काढले, तेव्हा त्यांचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले. पुढील प्रकरणांत हे नाव येईल तिथे वाचकांनी ही दोन्ही कामे ध्यानात ठेवावीत. — संपादक