वीतभर खड्ड्यातला पाऊस

ज्वारी आणि बाजरी ही पिके आपल्याला अगदी घरची वाटतात. पण ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतली. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने पसरलेल्या 'साहेल' या कोरड्या पट्ट्यात आजही शेतकऱ्यांचे पोट याच पिकांवर चालते. तिथल्या बुर्किना फासो देशाच्या उत्तरेला यातेंगा नावाचा भाग आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी मुरवण्याचे जे काम केले, त्याचा इतिहास आपण पाहू.

यातेंगात पाऊस पडतो तो जून ते सप्टेंबर. जमीन जवळपास सपाट, उतार शंभर मीटरला जेमतेम एक-दोन मीटर. तरीही पाणी मुरत नाही. असे का व्हावे? उघड्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब आदळले की ढेकळे फुटतात. बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर वर कडक खपली धरते. पुढचा पाऊस या खपलीवरून वाहून जातो. मोसी लोकांच्या मोरे भाषेत अशा जमिनीला 'झिपेले' म्हणतात. १९६८ ते १९७३ या काळात साहेलमध्ये भीषण दुष्काळ पडला. आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळही याच काळातला. यातेंगात झिपेले वाढत गेली आणि अनेक कुटुंबे गाव सोडून गेली.

त्याआधी काही उपाय झालेच नव्हते, असे नाही. १९६२ ते १९६५ या काळात यंत्रे लावून यातेंगात सुमारे १ लाख २० हजार हेक्टर क्षेत्रावर मातीचे बांध घातले गेले. बांध कुठे हवेत, कसे हवेत हे मात्र शेतकऱ्यांना कुणी विचारले नाही. त्यांच्या लेखी ते परक्याचे काम होते. डागडुजी कुणी केली नाही आणि बांध फुटत गेले.

खरा बदल झाला तो एका जुन्या रीतीतून. कडक जमिनीत छोटे खड्डे खणून त्यांत पेरायचे, या रीतीला 'झाई' म्हणतात. भल्या पहाटे उठून शेताच्या कामाला लागणे, या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले आहे. १९८० च्या सुमारास गुर्गा गावचे याकुबा सावाडोगो आणि इतर काही शेतकऱ्यांनी या रीतीत सुधारणा केल्या. खड्डे २० ते ३० सेंटीमीटर रुंद आणि वीतभर खोल केले. ते पावसाआधीच, कोरड्या दिवसांत खणले. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला ठेवली, म्हणजे वाहते पाणी खड्ड्यातच अडावे. आत शेणखत आणि पालापाचोळा घातला. खताच्या ओढीने वाळवी आली. आपण वाळवीला शत्रू मानतो. इथे तिने पोखरलेल्या बारीक बोगद्यांतून पाणी खोल उतरू लागले. नांगरही जिथे रुतत नव्हता, ती जमीन अशी आतून भुसभुशीत झाली.

मेहनत मात्र थोडीथोडकी नव्हती. दर ८० सेंटीमीटरवर एक खड्डा धरला तर एका हेक्टरात १५,६२५ खड्डे होतात आणि ते सारे हाताने खणायचे! पण जिथे काहीच पिकत नव्हते, तिथे कमी पावसाच्या वर्षी हेक्टरी ३००-४०० किलो आणि चांगल्या वर्षी १५०० किलोपर्यंत धान्य येऊ लागले.

याच सुमारास दुसरा प्रयोगही चालू होता. १९७९ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेने तिथे झाडे लावण्याचा प्रकल्प सुरू केला. शेतकऱ्यांना आधी धान्य हवे होते. म्हणून त्यांचीच जुनी पद्धत पुढे आली : उताराला आडव्या दगडांच्या रांगा. या रांगा पाणी पूर्ण अडवत नाहीत. त्या त्याचा वेग कमी करतात आणि गाळ धरतात. अडचण एकच. इतक्या कमी उतारावर समान उंचीची रेषा डोळ्यांना दिसत नाही. यावर उपाय निघाला तो आपल्याकडचे गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीचा. नळीत पाणी भरून तिची टोके दोन काठ्यांना बांधायची. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच खुणेवर आले की पायाखालची जमीन समपातळीत आहे असे समजावे. निरक्षर शेतकरीही हे तंत्र दोन-तीन दिवसांत शिकले.

१९८४ पासून सावाडोगो आपल्या शेतावर बाजार भरवू लागले. तिथे बियाण्यांबरोबर अनुभवांचीही देवाणघेवाण होई. १९८९ मध्ये शेजारच्या नायजर देशातले १३ शेतकरी यातेंगा पाहून गेले आणि झाईची रीत तिकडेही पसरली.

खड्ड्यांतल्या खतात झाडांच्याही बिया होत्या. सावाडोगोंनी ती रोपे जपली आणि पंचवीसेक हेक्टरांवर जंगल उभे राहिले. पुढे शहर वाढले आणि त्याच जंगलात घरांचे भूखंड आखले गेले. जमीन जिवंत केली एकाने, तिच्यावर हक्क दुसऱ्याचा! २०१८ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले. जमीन सुधारणाऱ्याचा तिच्यावर हक्क किती, हा प्रश्न मात्र मागे उरला.

शाळेच्या मैदानावर दहा मीटर नळी आणि दोन काठ्या घेऊन मुलांना समपातळी रेषा आखायला सांगावी, असे आम्ही सुचवतो. आधी ती नुसत्या नजरेने आखून घ्यावी. दोन्ही रेषांत किती अंतर पडते ते मुलांनीच मोजावे.