वळवणची अंडी आणि कावेरीचा मासा

लोणावळ्याचे वळवण धरण बहुतेकांनी पाहिलेले असते. तेथील मत्स्यबीज केंद्राचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. या केंद्राने एका माशाला जीवदान दिले आणि, कोणाच्या मनातही नसताना, दुसऱ्या माशाला संकटात लोटले. हा थ्रेड त्या दोन माशांविषयी.

पहिला मासा आपलाच. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने दख्खनचे मासे नोंदवताना, पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या एका महसीराचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द त्याने इथल्या लोकांच्या तोंडून उचलला. आज त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. मोठे खवले, निळसर पर आणि प्रवाहाविरुद्ध झेपावण्याची जबरदस्त ताकद ही त्याची ओळख.

पुढे टाटांनी मावळात धरणे बांधली. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. (मुळशीच्या धरणावरून सेनापती बापटांनी दिलेला लढा याच मालिकेतला, त्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.) महसीर पावसाळ्यात वरच्या उथळ, खडकाळ पाण्यात अंडी घालायला जातो. धरणाची भिंत त्याची ही वाट अडवते. त्यात सुरुंगाने मासे मारण्याची रीत आणि नद्यांचे प्रदूषण यांची भर पडली.

१९७० च्या दशकात टाटांच्या वळवण येथील केंद्रात या माशाच्या कृत्रिम पैदाशीला सुरुवात झाली. त्यामागे दोन नावे ठळक आहेत : मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले. पद्धत सांगायला सोपी, करायला कठीण. ऐन पावसात तलावातून पक्व मादी पकडायची, तिच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी भांड्यात काढायची, त्यांत नराचे रेत मिसळायचे आणि फळलेली अंडी वाहत्या पाण्यातील उथळ ट्रेमध्ये पसरायची. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पण त्यानंतरचे काही दिवस ती पोहत नाहीत, कोपऱ्यात डोकी खुपसून निपचित पडून राहतात. निसर्गात भक्षकांचे फावते ते याच वेळी. केंद्रातील सुरक्षिततेचे मोल इथे होते.

घरच्या काचेच्या टाकीत शोभेची समुद्री कोळंबी पैदा करू पाहणाऱ्या हौशी मंडळींना हे चटकन पटेल. कोळंबीची मादी पोटाखाली अंडी बाळगते, ती फुटतातही. खरी कसोटी असते ती नंतर तरंगत्या, इवल्याशा अळ्यांना आठवडेच्या आठवडे जगवण्याची. महसीराच्या पिल्लाजवळ निदान सुरुवातीची शिदोरी असते, कारण त्याचे अंडे मोठे आणि बलकाने भरलेले असते.

याच टणक, मोठ्या अंड्यामुळे एक अफलातून युक्ती साधली. फळलेली अंडी ओल्या कापसात ठेवून, पाण्याविना, विमानाने दूरवर पाठवता येतात, हे कुलकर्णी-ओगले यांनी दाखवले आणि १९७९ मध्ये त्याविषयीचा लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आता लोणावळ्याचा महसीर कुठेही जाऊ शकत होता.

तो कावेरीत गेला. तिथले मासेही घटत होते, गळाने मासेमारी करणाऱ्यांना ते परत हवे होते आणि लोणावळ्यात बोटुकली मुबलक होती. महसीर म्हणजे महसीर, अशी तेव्हाची समजूत. परंतु कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता : पाठीवर कुबड, नारिंगी पर आणि अवाढव्य देह. १९४६ मध्ये काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी गळाला लावलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. एवढ्या प्रसिद्ध माशाला निश्चित शास्त्रीय नाव मात्र नव्हते.

एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी कावेरीवरील गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा चित्र उघड झाले. निळ्या पराचे मासे झपाट्याने वाढत होते. कुबडवाले कमी होत चालले होते आणि त्यांची लहान पिल्ले जवळपास दिसतच नव्हती. एकूण मासे भरपूर सापडत असल्याने कोणाला शंकाही आली नव्हती. वाळूउपसा, धरणे आणि चोरटी शिकार हीही कारणे होतीच. तरी बाहेरून आणलेल्या माशाचा वाटा नाकारता येत नाही.

२०१८ मध्ये कुबडवाल्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पटली. ज्या प्रजातीचे वर्णन केरळातील पांबार नदीतल्या माशांवरून आधीच झाले होते, तीच ही. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. आणि एके काळी त्याच यादीत ‘संकटग्रस्त’ असलेला लोणावळ्याचा खुद्री? तो आता ‘किमान चिंता’ या गटात आहे.