करडई दोनदा हरली



करडई फुलावर आली आहे. ज्वारीतल्या पाट्यांत पिवळी-केशरी बोंडं दिसायला लागली की कुणी ना कुणी विचारतंच, "पाकळ्या विकल्या जातात म्हणे, भाव काय?" यंदा तिघांनी विचारलं. एकाने तर पुढच्या हंगामात दोन एकर फक्त फुलासाठी पेरायचं मनात घेतलंय. नैसर्गिक रंगाला मागणी आहे असं त्याने मोबाइलवर बघितलं. मागणी आहे, ते खोटं नाही. पण भावाचं बोलायच्या आधी या फुलाचा जुना हिशेब सांगतो. आपल्या बापजाद्यांनी हे फूल विकलेलं आहे, आणि तो धंदा कसा मोडला हे कळल्याशिवाय नव्याने उतरू नये असं माझं मत आहे.

१८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं गेलं. इंग्रज सरकारचं ते बाड म्हणजे कोणत्या तालुक्यात काय पिकतं, कोण काय खातं, याची मोठी नोंदवही. त्यात करडईच्या दोन जाती दिल्या आहेत. एक 'साधी' आणि दुसरी 'कुसुंब्याची'. साधी फार काटेरी, ती तेलाला. कुसुंब्याची बेताच्या काट्याची, तिचं फूल रंगाला. दोन्हींच्या कोवळ्या पानांची भाजी करायची, आणि पीक रब्बीच्या ज्वारी-गव्हात ओळीने पेरायचं.

आता आपल्या शिवारात फिरून बघा. ज्वारीतले पाटे आहेत, पानांची भाजी आहे, तेल आहे. कुसुंब्याची करडई कुठे गेली? माझ्या आजीच्या बोलण्यात 'कुसुंबी लुगडं' हा शब्द होता. पण तो रंग आपल्या करडईच्या फुलातून निघायचा, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात राहिलेलं नव्हतं.

रंग कसा काढायचे ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर, वजनाच्या साधारण पाव हिस्सा. तो साध्या पाण्यात उतरतो. लाल मात्र अगदी थोडा, सुक्या पाकळीच्या शेकडा अर्ध्याच्या आसपास. तो साध्या पाण्यात उतरत नाही. म्हणून पाकळ्या आधी फडक्यात बांधून थंड पाण्यात तुडवायच्या, पिळायच्या, परत धुवायच्या. पिवळं पाणी यायचं थांबेपर्यंत हेच. मग त्याच पाकळ्या खाराच्या पाण्यात भिजवायच्या. खार म्हणजे सज्जीखार, नाहीतर राखेचं निवळलेलं पाणी. लाल रंग त्या खारात उतरतो, पण दिसतो मळकट, विटकरी. त्यात लिंबू पिळलं किंवा चिंचेचं पाणी घातलं की फसफसतं आणि डोळ्यादेखत पाणी लालभडक होतं. त्यात सुती कापड बुडवायचं. एकदा बुडवलं तर गुलाबी, पुन्हा पुन्हा ताज्या रंगात बुडवलं तर लाल. हे सगळं थंड पाण्यात. उकळलं की लाल रंग मेला.

गेल्या वर्षी मूठभर पाकळ्या घेऊन पांढऱ्या रुमालावर हे करून बघितलं. गुलाबी आला. घरातल्या बायकांनी हळदीचं पाणी म्हणून आधी हसून घेतलं, आणि लिंबू पिळल्यावर सगळ्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

शेतीवाल्याने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सुती कापड रंग सहजी धरत नाही. बारतोंडीच्या मुळांचा लाल घ्या, पळसाच्या फुलांचा पिवळा घ्या, टिकवायचा तर आधी कापडाला तुरटी द्यावी लागते. हिरड्याचं पाणी आणि लोखंडाचा गंज एकत्र आला तर काळा होतो. बांधावरच्या आणि रानातल्या बहुतेक रंगांना असा कुणीतरी सोबती लागतो. करडईच्या लालाला तुरटी लागत नाही. खार, लिंबू आणि मनगट, एवढ्यावर काम होतं. म्हणून पागोट्याला, लुगड्याला, लग्नाच्या कापडाला कुसुंबा पुष्कळ चालायचा. निळीचं काम निराळी समाजाकडे, इतर रंग रंगाऱ्यांकडे, आणि फूल शेतकऱ्याकडे अशी साखळी होती.

आणि हा रंग कच्चा. उन्हात विटायचा, साबणात किंवा राखेच्या पाण्यात धुतला तर उतरायचा. जो खार पाकळीतून रंग काढतो तोच कापडातूनही काढणार, त्याला इलाज नाही. म्हणून पागोटं सणासुदीला पुन्हा रंगवायला जायचं. रंगाऱ्याला काम पुन्हा मिळायचं आणि शेतकऱ्याच्या फुलाला गिऱ्हाईक दरवर्षी मिळायचं.

हे फूल आपल्यापुरतंच नव्हतं. इजिप्तच्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांत करडईने रंगवलेलं कापड मिळालंय. एकोणिसाव्या शतकात बंगालातल्या ढाक्याकडच्या सुकवलेल्या करडईला लंडनच्या बाजारात नाव होतं. इंग्लंडमध्ये वकिली आणि सरकारी कागदांचे गठ्ठे बांधायची सुती फीत याच फुलाच्या रंगात बुडवली जायची. ज्या लालफितीच्या नावाने आपण तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बोटं मोडतो, तिचा रंग कुणातरी शेतकऱ्याच्या करडईचा होता!

आता मोडलं कसं ते बघू.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला, मलेरियावरचं क्विनाइन बनवायच्या खटपटीत, दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये त्याच जातीचा मॅजेंटा आला. आपण गडद गुलाबी म्हणतो ना, तो. १८८४ च्या सुमाराला जर्मनीत काँगो रेड निघाला. सुती कापडाला तुरटीशिवाय थेट बसणारा हा पहिला कारखानी रंग. करडईच्या लालाची जी खासियत होती तीच नेमकी कारखान्याने उचलली.

तुम्ही म्हणाल, नवा रंग पक्का असणार, म्हणून जुना हरला. तसं नाही. मॅजेंटासुद्धा उन्हात विटतो. काँगो रेडवर लिंबू पडलं तर निळा-काळा पडतो. पक्केपणात या रंगांनी फार मोठी बाजी मारली नव्हती. फरक कष्टात होता. कुसुंब्याला फूल वेचा, सुकवा, तुडवा, धुवा, खार करा, लिंबं पिळा. आणि दुसरीकडे एक पुडी आणि पातेलंभर पाणी. रंगाऱ्याचं दिवसांचं काम तासांवर आलं. रंगाऱ्याने पुडी घेतली यात त्याचा दोष काढता येत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही घेतली असती.

निळीचा इतिहास शाळेत शिकवतात. चंपारणला मळेवाले गोरे कुळांना विघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीखाली ठेवायला लावत. १८९७ मध्ये जर्मनीतून कारखान्याची नीळ आली, भाव पडले. मळेवाल्यांनी निळीच्या सक्तीतून सुटका देतो म्हणत खंड वाढवून घेतला आणि आपला तोटा कुळांवर ढकलला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले, आणि १९१८ च्या कायद्याने ती तीन कठ्ठ्यांची सक्ती गेली. त्या गोष्टीत जुलूम होता, लढा होता, म्हणून ती लिहिली गेली.

आपल्याकडच्या करडईवर सक्ती नव्हती. ती ज्वारीतल्या दोन-चार ओळींत असायची. ती गेली तेव्हा मोर्चा निघाला नाही की कुठे अर्ज झाला नाही. एका वर्षी रंगाऱ्याने फूल कमी घेतलं, पुढच्या वर्षी घेतलंच नाही. घरच्या बाईने वेचणं सोडलं. मग बी ठेवताना कुसुंब्याची कशाला ठेवायची? तेलाला साधी बरी. काटे जास्त असले तर उलट फायदाच, काठाने पेरली की गुरं आत शिरत नाहीत. असं करत करत बियाणंच बदललं. रोग नाही, दुष्काळ नाही, आणि एक जात आपल्या शिवारातून निघून गेली. हा करडईचा पहिला पराभव.

दुसरा पराभव आपल्या डोळ्यासमोरचा आहे. फूल गेलं तरी तेल होतं. करडईच्या पेऱ्यात महाराष्ट्र देशात पहिला होता. सोलापूर, परभणीच्या संशोधनातून भीमा, परभणी कुसुम यांसारखे वाण आले. नावात कुसुम राहिलं, काम मात्र तेलाचं. १९९४ नंतर खाद्यतेलाची आयात खुली होत गेली आणि पामतेल गावच्या दुकानापर्यंत पोचलं. त्यात काट्यांमुळे काढणीला माणूस मिळेना, हरभरा सोपा वाटायला लागला. घाणे बंद पडले. ज्या गावात दर चार घरांमागे करडई होती तिथे आता ती शोधावी लागते. या वेळीही पीक शेतात हरलं नाही. मुळं तशीच खोल जातात, ओल तशीच धरते, कोरडवाहू भारी जमिनीत कमी पाण्यावर ती आजही उभी राहते. निकाल शेताबाहेर लागला.

आता तिसऱ्यांदा कुणीतरी दाराशी आलंय आणि म्हणतंय, फूल द्या. हर्बल चहाला द्या, रंगाला द्या. मी नको म्हणत नाही. पण हे चार मुद्दे बघून ठरवा.

पहिला, तुमच्या करडईत लाल आहे का? फूल कोमेजताना केशरी-लाल होत असेल तर लाल रंग आहे. सुकल्यावरही पिवळंच राहत असेल तर लाल जवळजवळ नाही. पांढऱ्या फुलाचा रंगाला उपयोग नाही. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, सकाळी शेतात चक्कर मारली की पुरे.

दुसरा, वेचणी. फूल उमलून कोमेजायला लागलं की पाकळी ओढायची. तोपर्यंत बी धरलेलं असतं, त्यामुळे हलक्या हाताने वेचलं तर दाण्याचं नुकसान होत नाही. ही करडईची मोठी मेहेरबानी, एकाच बोंडातून फूलही आणि बीही. पण काटे आहेत. जपानात यामागाता भागात हे फूल आजही रंगासाठी पिकवतात. तिथे पहाटे दव असताना वेचतात, कारण ओलसर काटा मऊ असतो. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' हा बिनकाटेरी वाण दिला आहे. फुलाचा विचार असेल तर आधी बिनकाटेरी बियाणं बघा. काट्यात हात घालायला मजूर मिळेल या भरवशावर राहू नका.

तिसरा, हिशेब. लाल रंग शेकडा अर्ध्याच्या आसपास म्हणजे १०० किलो सुक्या पाकळीतून फार तर अर्धा किलो. कुणी 'रंगाचा भाव' सांगून भुलवत असेल तर त्याला विचारा, पाकळीचा भाव काय, ओलीचा की सुकीचा, आणि माल उचलणार कोण. रंग काढण्याचं काम दुसऱ्याच्या हातात असेल तर मोठा पैसाही तिथेच राहणार. जुन्या साखळीतही शेतकरी फक्त फूल देत होता, म्हणून गिऱ्हाईक फिरलं तेव्हा त्याच्या हातात बाकी काही नव्हतं. गटाने काम करत असाल तर निदान सुकवणं, निवडणं आणि पिवळा-लाल वेगळा करणं गावात शिका.

चौथा, केसरात मिसळायला म्हणून कुणी पाकळ्या मागितल्या तर त्या व्यवहारापासून लांब राहा. करडईची पाकळी केसर म्हणून खपवणं ही जुनी लबाडी आहे, आणि पकडला गेला तर माल कुणाच्या शेतातला हेही विचारलं जातं.

दोन एकरवाल्या मित्राला मी सांगितलं, दोन एकर नको. ज्वारीत नेहमीचे पाटे टाक, त्यातल्या दोन ओळी बिनकाटेरी. फूल वेच, सावलीत सुकव, वजन कर, किती माणसांना किती वेळ लागला ते वहीत लिही. बी तर घरात येणारच आहे, तेल कुठे जात नाही. खरेदीदार लेखी बोलला तर पुढच्या वर्षी वाढव.

आणि कृषी सहाय्यक, विद्यापीठातले मित्र हे वाचत असतील तर एक मागणं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या गाडग्यात, एखाद्या दूरच्या वाडीवर, बेताच्या काट्याची, लाल होणारी करडई अजून असू शकते. अशी दिसली तर मूठभर बी आणि गावाचं नाव नोंदवून घ्या. बाजार पुन्हा फिरला तर आपल्याकडे पेरायला काहीतरी हवं.

तुमच्याकडे करडई असेल तर खाली लिहा: कोणता वाण, सुकल्यावर फूल पिवळं राहतं की लाल होतं. घरात कुणाला कुसुंब्याचं काही आठवत असेल तर तेही. मी सगळं एका जागी लिहून ठेवतोय.