एका तारेच्या तक्षिमा

तक्षीम हा शब्द हल्ली बहुधा जुन्या वतनी कागदांतच आढळतो. पाटीलकी एक, गाव एक. परंतु भावाभावांत वाटणी झाली म्हणजे मानपानाच्या आणि उत्पन्नाच्या तक्षिमा पडत. शेतास बांध घालता येतो, पाटीलकीस बांध कोठे घालणार? ती अखंडच राहावयाची, आणि तरीही प्रत्येक तक्षीमदार आपल्या हिश्शाचा पुरता धनी असावयाचा. वस्तू न तोडता तिचे अनेक धनी निर्माण करण्याची ही युक्ती आमच्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेली होती. संदेशवहनाच्या जाळ्यात, ज्यास आता लहानथोर सारेच नेटवर्क म्हणतात त्यात, तीच युक्ती अलीकडे ‘स्लाइस’ या नावाने अवतरली आहे. तिची हकीकत सांगावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हे गोदावरीच्या दक्षिणेचे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेऊ. अशा गावी तहसील कचेरीतील फेरफार, बँकेचा हिशेब, दवाखान्यातून मोठ्या शहरातील डॉक्टरांकडे धाडलेले चित्र आणि बारावीच्या मुलाचा धडा, हे सारे अखेर त्याच मोजक्या तारांवरून आणि मनोऱ्यांवरून जावयाचे. प्रत्येकासाठी निराळी तार ओढणे कोणासच परवडणारे नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो वाटणीचा. आणि या मुलखास वाटणीचा प्रश्न काही नवा नाही.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून शाहू महाराजांच्या नावे दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. वसुलाचा चौथा हिस्सा चौथाई, आणि त्यावर शेकडा १० सरदेशमुखी. पण चौथाई तरी एकाच्या हाती कोठे पडत होती? तिच्या शंभर भागांपैकी २५ भाग राजबाबती म्हणून छत्रपतींचे, ६ भाग सहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, ३ भाग नाडगौडा म्हणून महाराजांच्या मर्जीतील माणसांचे, आणि उरलेले ६६ भाग मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. पुढे १७२४ नंतर निजाम दक्षिणेत स्वतंत्र झाला, तेव्हा गोदातीरी एकाच गावावर निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार असे दोन अंमल बसू लागले. यासच दुअमल म्हणत. या हिशेबाच्या गुंतागुंतीत ग्रँट डफला ब्राह्मण कारकुनांचा डाव दिसला. आम्हांस तो आरोप एकांगी वाटतो, तरी हिशेब जितका गुंतागुंतीचा तितकी तो ठेवणाराची सत्ता मोठी, हे त्यातील तथ्य नाकारता येत नाही. दुअमलात हिस्से अपूर्णांकांपर्यंत ठरलेले होते. नव्हता तो दोन्ही अंमलांच्या मध्ये बसून एकाचा हात दुसऱ्याच्या हिश्शात जाऊ न देणारा कोणी. बखेडा झाला की दोन्हीकडची चिमट रयतेस बसे.

आता तारेकडे वळू. एका तारेवर अनेकांचे संदेश घालण्याची खटपट तारायंत्राइतकीच जुनी आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो या नोकराने १८७४ साली जे यंत्र सिद्ध केले, ते या इतिहासात विशेष मनोरंजक होय. चार-सहा तारमास्तर ओळीने बसत. प्रत्येकापुढे पियानोसारख्या पाच पट्ट्या. एक फिरता कुंचा क्रमाक्रमाने एकेकाची जोडणी तारेशी करून देई आणि पुढे सरके. आपली पाळी आली हे मास्तरास यंत्राच्या ठोक्यावरून कळे, आणि त्या ठोक्याबरोबर त्याने आपले अक्षर दाबावयाचे. हात मागे राहिला की अक्षर बुडाले. पलीकडच्या टोकास तसाच कुंचा त्याच गतीने फिरत असे, म्हणून ज्याचे अक्षर त्याच्याच कागदावर उमटे. तार एक, पण प्रत्येक मास्तरास ती आपलीच वाटावी अशी व्यवस्था.

कालव्याखालच्या शेतकऱ्यास यातील गुण आणि दोष दोन्ही समजावून सांगण्याची गरज नाही. पाळी ठरलेली असली म्हणजे शेजारी पाणी चोरू शकत नाही. परंतु आपल्या पाळीस आपण निजून राहिलो तर पाणी फुकट वाहून जाते. हा दोष घालविण्यासाठी १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे निराळा मार्ग सुचविला. पाळी मुळीच ठरवू नये. संदेशाचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करावे आणि जो तुकडा येईल त्यास वाट मोकळी असेल तशी पुढे जाऊ द्यावे. १९६९ साली सुरू झालेले आर्पानेट आणि पुढचे सारे इंटरनेट याच तत्त्वावर उभे आहे. तार रिकामी राहणे थांबले. पण ज्याचे त्यास खात्रीने मिळणेही थांबले. जत्रेच्या रस्त्यावर वऱ्हाडाच्या गाडीस आणि आजाऱ्याच्या गाडीस एकच न्याय.

पॅकेटांची वाट ठरविणारी पेटी म्हणजे स्विच. या पेटीचा मेंदू पेटीतच कुलूपबंद असे आणि त्याची किल्ली कारखानदाराकडे. २००८ साली स्टॅनफर्ड आणि इतर विद्यापीठांतील मंडळींनी ‘ओपनफ्लो’ची योजना मांडली. स्विचने केवळ हुकूम पाळावेत, आणि हुकूम देणारा मेंदू बाहेरच्या संगणकात असावा. अशा जाळ्यास सॉफ्टवेअर-नियंत्रित म्हणतात. परंतु मेंदू बाहेर काढताच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. विद्यापीठाचे चालते जाळे हजारो माणसे नित्य वापरतात. त्यावर संशोधकाने आपला अर्धकच्चा मेंदू बसविला आणि तो चुकला, तर सर्वांचेच काम खोळंबणार. एकाच जाळ्यास दोन-चार मेंदू द्यावे, तर दुअमल ठरलेला.

याचे उत्तर २००९ साली ‘फ्लोव्हायझर’ या नावाने पुढे आले. ते मांडणाऱ्या सात जणांत रॉब शेरवूड, निक मॅककिऑन यांच्या जोडीस गुरू पारुळकर हे नाव पाहून मराठी वाचकाची नजर क्षणभर थबकते. फ्लोव्हायझर हा स्विच आणि मेंदू यांच्या मध्ये बसणारा मध्यस्थ होय. स्विचास वाटते, हाच आपला मेंदू. प्रत्येक मेंदूस वाटते, सारे जाळे आपलेच. मेंदूने हुकूम सोडला की मध्यस्थ तो अडवून वाचतो. हुकूम त्याच्या तक्षिमेपुरता असेल तर जाऊ देतो, अधिक व्यापक असेल तर तक्षिमेपुरता आखडून पुढे धाडतो, आणि परक्या हद्दीतला असेल तर परत फिरवितो. स्विचाकडून आलेली वर्दीदेखील ज्याची त्यासच पोचते. वाटणीही केवळ तारेच्या रुंदीची नव्हे; कोणत्या वाटा दिसाव्यात, कोणाची वाहतूक कोणाकडे, हुकमांच्या तक्त्यात किती ओळी, इतकेच काय, स्विचातील लहानशा गणकयंत्राचा वेळ कोणास किती, हेही ठरवावे लागते. या शेवटच्या कलमाचे महत्त्व प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. एकच उतावीळ मेंदू स्विचास प्रश्न विचारून विचारून दमवील, तर शेजाऱ्याची तक्षीम कागदावर शाबूत असूनही तो उपाशी राहील.

प्रयोगशाळेतील ही कल्पना पुढे व्यवहारात उतरली. मोबाइलच्या पाचव्या पिढीच्या नियमांत, २०१८ साली पुऱ्या झालेल्या पंधराव्या आवृत्तीत, स्लाइसला रीतसर स्थान मिळाले. एका उपकरणास एकाच वेळी आठ तक्षिमांपर्यंत भाग घेता येतो. भारतात ही पिढी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. वेगाची निराळी, तत्काळ उत्तराची निराळी, लक्षावधी लहान यंत्रांची निराळी, अशी एकाच मनोऱ्याची वाटणी आता करता येते.

येथे कायदा आडवा येतो, आणि तो यावा हे योग्यच. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून निराळा दर आकारण्यास मनाई केली. २०१७च्या नोव्हेंबरातील शिफारशींत, ज्या सरकारने २०१८च्या जुलैत मान्य केल्या, सर्व वाहतुकीस समान वागणूक हे तत्त्व ठेवून ‘विशेष सेवां’स मात्र सूट दिली. स्लाइसला शिरावयास दार आहे ते हेच. सुटीस अटी दोन: ती सेवा इंटरनेटच्या बदली म्हणून विकता कामा नये, आणि तिच्यापायी सामान्य इंटरनेटच्या दर्जास बाध येता कामा नये.

दुसरी अट आमच्या मते कळीची आहे. कारण तक्षिमा काढून झाल्यावर जे उरते, तेच बहुतेकांच्या वाट्यास यावयाचे. कारखाना, इस्पितळ, बँक आपापली तक्षीम मोल देऊन घेतील, आणि त्यात वावगे काही नाही. शस्त्रक्रियेच्या चित्रास आणि चित्रपटास एकाच रांगेत उभे करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु बारावीचा तो मुलगा उरलेल्यातच राहणार. फ्लोव्हायझर दोन तक्षीमदारांना एकमेकांपासून राखतो. तक्षिमा मुळात किती आणि कोणास, हे तो ठरवीत नाही. ते जाळ्याचा मालक ठरवितो. दर्जास बाध आला की नाही हे पाहावयाचे तर कोठे पाहावयाचे? दूरसंचाराच्या परवान्यात सोनपेठ महाराष्ट्र-गोवा या एकाच क्षेत्रात पुण्याच्या जोडीने येते. त्या साऱ्या क्षेत्राची सरासरी काढली, तर सोनपेठ तीत बुडून जाईल. मोजणी करावयाची तर ती सोनपेठच्या मनोऱ्याखाली, आणि सायंकाळी मुले अभ्यासास बसतात त्या वेळी करावी लागेल.