अंगठ्यापासून सातबाऱ्यापर्यंत

शहाद्याहून सातपुड्याच्या दिशेने निघालं की म्हसावद लागतं. एका अंगाला तापीखोऱ्यातली काळी जमीन, त्यात ऊस, केळी, पपई, कापूस. दुसऱ्या अंगाला डोंगर आणि त्यातले भिल्ल-पावरा पाडे. विद्यार्थ्यांना आजच्या कामाची, रोजच्या जगण्याची कौशल्यं कशी द्यायची, हा प्रश्न सध्या शाळाशाळांतून चर्चेला येतो. या पट्ट्यात तो फार जुना आहे आणि त्याची सुरुवात वर्गात झाली नाही. ती झाली शेतात, सावकाराच्या ओट्यावर.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथला आदिवासी तरुण बहुधा सालदार असे. वर्षाचा करार, मजुरी धान्यात नि थोड्या पैशांत, आणि डोक्यावर न फिटणारं कर्ज. शाईच्या गादीवर अंगठा दाबायचा, स्टँपपेपरवर उमटवायचा. कागदावर जमीन गहाण लिहिली आहे की विकलेली, हे अंगठा देणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. किती तरी जमिनी अशाच गेल्या. म्हणून इथल्या माणसाला सर्वांत आधी हवं असलेलं आधुनिक कौशल्य कुठलं, याचं उत्तर सरळ आहे: समोरचा कागद वाचता येणं.

ते शिकवण्याचं काम चळवळीने केलं. सर्वोदयाच्या वाटेने आलेले अंबरसिंग महाराज लोकांना आधीपासून संघटित करत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखे इंजिनिअर झालेले तरुण मुंबई-पुण्याची वाट सोडून इथे आले. वाहरू सोनवणे यांच्यासारखे इथल्याच मातीतले कार्यकर्ते पुढे झाले, आणि वाहरूंची कविता पुढे साऱ्या महाराष्ट्राने वाचली. गावोगाव तरुण मंडळं निघाली, शिबिरं भरली. सातबारा, किमान वेतन, कायद्याने मिळालेला हक्क हे तिथले विषय. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ साली केला. पण कायदा वाचणारं कोणी घरात असल्याशिवाय जमीन परत मागणार कोण?

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळायची. लांबी, रुंदी, खोली टेपने मोजायची आणि गुणायची. शाळेच्या पुस्तकातलं घनफळ इथं घरात किती दाणे येणार ते ठरवत होतं. गुणाकार येणाऱ्याला मुकादमाचा आकडा तपासता येत होता. न येणाऱ्याला मुकादम सांगेल तेवढं घेऊन घरी जावं लागत होतं.

सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या काठावर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा सुरू झाल्या. नर्मदा बचाव आंदोलनाच्या गावांनी चिमलखेडी, निमगव्हाण इथे त्या उभ्या केल्या. 'लढाई पढाई साथ साथ' ही त्यांची घोषणा. मुलांच्या बोलीला तिथे वर्गात जागा होती. शेती, जंगल, नदी हेही अभ्यासात होतं. शहाद्याच्याच जिल्ह्यात अक्कलकुव्याला १९७९ च्या सुमारास एक मदरसा निघाला. पुढे त्याच आवारात धार्मिक शिक्षणाच्या जोडीला आयटीआय आणि इंजिनिअरिंगपर्यंतचं शिक्षण आलं.

महाराष्ट्रात कामातून शिकवण्याचा सर्वांत कसून विचार झाला तो मात्र पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली या दुष्काळी गावात राहायला आले आणि विज्ञान आश्रम सुरू झाला. हाताने काम करताना डोकं शिकतं, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामाला देतात: वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं. शाळेला लागणारं शेड किंवा बाक मुलंच करतात आणि त्याचा हिशेबही तीच लिहितात. २००२ साली याच आश्रमात फॅबलॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी ती एक. म्हसावदसारख्या गावाला पाबळची ही रीत चपखल बसेल, कारण इथे शेती आहे, मोटारपंप आहेत, ठिबक आहे आणि दुरुस्तीला माणूस मात्र शोधावा लागतो.

शहादा तालुक्यातल्याच टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि देशातलं पहिलं आधार तिथल्या एका महिलेला मिळालं. अंगठा पुन्हा पुढे आला, या वेळी काचेवर. आता त्याच अंगठ्यावर रेशन मिळतं, बँकेतले पैसे निघतात. यंत्राने पावतीवर काय छापलं, खात्यातून किती गेले, हे अंगठा ठेवणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे. पूर्वीचा स्टँपपेपर आणि आजची ही पावती यांत मला फार अंतर दिसत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, गावातल्या सुतार-माळी-कुंभारांकडे काम शिकण्यासाठी. म्हसावद परिसरातल्या शिक्षकांना विनंती एवढीच, की त्यातला एक दिवस सातबाऱ्याला द्यावा. प्रत्येक मुलाने मोबाईलवर आपल्या घराचा उतारा काढावा आणि आईवडिलांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मुलांना शेततळ्याच्या खोदकामावर न्यावं.