बूट पायासाठी, की पाय बुटासाठी? सायकलस्वाराच्या पादत्राणाचा इतिहास (थ्रेड)

१/ लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराचे पाऊल अनेकदा मांड्यांच्या आधी हार मानते. बोटे बधिर होतात, चवड्याखाली आग होते. हा दोष पायाचा मानावा की बुटाचा, हा प्रश्न सायकलपेक्षाही जुना आहे.

२/ १७८१ मध्ये डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर यांनी बुटाच्या योग्य आकारावर प्रबंध लिहिला. त्या काळी डाव्या आणि उजव्या पायाचे बूट सर्रास एकाच आकाराचे असत. पायाने बुटाशी जुळवून घ्यावे, हीच रीत होती.

३/ विसाव्या शतकातील शर्यतपटूंचे बूट चामड्याचे असत. तळाला खाचेची पट्टी, म्हणजे क्लीट, खिळ्यांनी ठोकलेली असे. खाच पेडलवर बसली की पावलावरून चामडी पट्टा आवळला जाई.

४/ पट्टा घट्ट असला की पाऊल निसटत नसे. मात्र त्याची किंमत पाय मोजत असे. चवड्याच्या हाडांमधून मज्जातंतू बोटांकडे जातात. अरुंद बुटात ते चेपले जातात. त्यातच तासन्‌तास चालवल्याने पाय सुजतो आणि सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी काचू लागतो.

५/ १९८४ मध्ये फ्रान्सच्या लूक कंपनीने स्कीच्या बंधनाचे तत्त्व वापरून बिनपट्ट्याचे पेडल आणले. १९८० मध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना गुडघेदुखीमुळे टूर द फ्रान्स सोडणाऱ्या बर्नार इनो यांनी १९८५ मध्ये याच पेडलवर पाचवे विजेतेपद मिळवले.

६/ पट्टा गेला, तरी पाऊल एका कोनात जखडलेलेच राहिले. ते पेडल घडवणारे झाँ बेल यांनीच पुढे टाइम कंपनीच्या पेडलमध्ये पावलाला किंचित वळण्याची मुभा दिली.

७/ बुटांतही बदल झाले. नाडीच्या जोडीला वेल्क्रो आले. २००१ मध्ये स्नोबोर्डच्या बुटांवर आलेली बोआची फिरकी पुढे सायकलच्या बुटांवरही बसली. चालत्या सायकलवर बूट सैल करणे त्यामुळे सोपे झाले.

८/ आजचे शहाणपण साधे आहे. पाय संध्याकाळी, उभे राहून, मोज्यांसह मोजावेत, दोन्ही मोजावेत, लांबीइतकीच रुंदीही पाहावी. चवडा दुखत असल्यास क्लीट थोडी मागे सरकवून पाहावी. बधिरपणा टिकून राहिला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

९/ दोन शतकांत चामडे गेले, खिळे गेले, पट्टेही गेले. काम्पर यांचा मुद्दा मात्र टिकून आहे: माप पायाचे घ्यावे आणि बदलावा तो बूट.