वाद आपल्यांशीच होतो

वाद घालणाऱ्याला सत्याशी कर्तव्य नसते, त्याला समोरच्याला हरवायचे असते, हे मत आज इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासायची गरजही कुणाला वाटत नाही. घरातली वडीलधारी माणसे हेच सांगतात आणि मनाच्या व्यापारांवर लिहिणारे अभ्यासकही. मला हे मत चुकीचे वाटते. पण त्याचे आधार भक्कम आहेत, म्हणून आधी ते पूर्णपणे मांडतो.

न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले. पैकी सत्यासाठी होतो तो एकटा वाद; उरलेले दोन्ही जिंकण्यासाठी. समर्थांनीही वादापासून सावध राहायला सांगितले आहे. 2011 मध्ये ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी असा सिद्धान्त मांडला की माणसाची तर्कबुद्धी घडली ती एकांतात सत्य शोधण्यासाठी नव्हे, इतरांना पटवण्यासाठी. इतिहासही पूर्वपक्षाच्या बाजूने साक्ष देतो. सुरतेजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन रानिरी 1637 मध्ये सुमात्रा बेटावरच्या आचेच्या दरबारी पोचले. ईश्वर आणि सृष्टी यांच्या नात्याविषयी तिथल्या सूफींशी त्यांचा मतभेद होता. सुलतानाचा पाठिंबा मिळताच हमझा फन्सुरी आणि शम्सुद्दीन या तिथल्या सूफींचे ग्रंथ जाळले गेले, त्यांच्या अनुयायांना ठार मारले गेले. वादाच्या पोटात सत्तेची हाव असते, हे दाखवायला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मात्र याच वादाचा एक धागा बऱ्हाणपुरातून निघाला होता, आणि तो हाती घेतला की चित्र बदलते. तापीकाठचे हे शहर तेव्हा खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. तिथे राहणाऱ्या मुहम्मद इब्न फझलुल्लाह या सूफी विद्वानाने 1590च्या सुमारास ‘तुहफा’ नावाची एक लहानशी अरबी पुस्तिका लिहिली. अस्तित्व एकच आहे, ते सात पायऱ्यांनी प्रकट होते, असे तिचे प्रतिपादन. पण त्याचबरोबर दास हा दासच आणि ईश्वर हा ईश्वरच, हेही तिने ठामपणे बजावले. अद्वैताच्या नावाखाली धर्माचरण सैल होऊ नये, ही तिच्यामागची तळमळ. एवढ्यावर न थांबता त्यांनी स्वतःच तिच्यावर टीका लिहिली आणि आपला विचार शरीयतशी जुळतो हे दाखवले. मत गाजवायचे असते तर मोघम, झगमगीत पुस्तिकेने जास्त काम साधले असते. आपल्याच वाक्यांना मर्यादा घालत बसणारा माणूस चिंतेपोटी लिहितो. वाचणाऱ्याने भलता अर्थ घेतला तर काय, ही ती चिंता.

पुस्तिका समुद्रापार गेली. सुमात्रात शम्सुद्दीन यांनी त्या सात पायऱ्या उचलल्या आणि पुढे त्यांवरून वादंग माजले. तिथल्या विद्यार्थ्यांनी थेट मदिनेला जाऊन इब्राहीम अल्-कुरानी यांना अर्थ विचारला. त्यांच्यासाठी कुरानींनी ‘तुहफा’वर सविस्तर अरबी भाष्य रचले. आचेचे अब्दुर्रऊफ त्यांच्याच हाताखाली शिकले. 1661 मध्ये मायदेशी परतल्यावर, दुसऱ्याला घाईने काफर ठरवू नका, असे त्यांनी आपल्या लोकांना बजावले. कुरानींना यात काय जिंकायचे होते? मूळ लेखक 1620 मध्येच बऱ्हाणपुरात वारला होता. सुमात्रात कुरानींचे राज्य नव्हते, मठ नव्हता. आपण जपतो तोच विचार दूरदेशी कुणी वेडावाकडा वापरतो आहे, हे त्यांना सोसवले नाही.

रानिरींचे काय? जाळपोळीला मी वादाचा हेतू मानत नाही. ज्याला पटवायचे आहे तो समोरच्याला जिवंत ठेवतो. तलवार निघाली तेव्हा आचेतला वाद बंद पडला. 1640च्या दशकात सैफुर्रिजाल नावाचा विद्वान परतला, तेव्हा वाद पुन्हा सुरू झाला आणि 1644 मध्ये रानिरींना रांदेरची वाट धरावी लागली.

अहंकार वादात असतोच, तो मी नाकारत नाही. आवाज का चढतो, हे त्याने कळते. पण माणूस वादासाठी कुणाला निवडतो, ते अहंकारातून कळत नाही. नुसता विजय हवा असता तर लोकांनी दुबळे आणि परके प्रतिपक्षी शोधले असते. प्रत्यक्षात सर्वांत कडाक्याचे वाद एकच ग्रंथ मानणाऱ्यांत होतात. याच बऱ्हाणपुरात नागझिरीला कबीरपंथाचे मोठे स्थान आहे. तिथल्या पुरणसाहेबांनी 1837 मध्ये कबीरांच्या बीजकावर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली. त्यांचा सारा भर पारखण्यावर. जीव आणि ब्रह्म एकच, हे ऐकीव अद्वैतही पारखल्याशिवाय घेऊ नका, असा त्यांचा आग्रह. हा आग्रह मुख्यतः बीजक वाचणाऱ्या पंथबंधूंसाठी होता. ज्याला बीजकाशी देणेघेणे नाही, त्याच्याशी भांडून त्यांना काय मिळणार होते? न्यायसूत्रेही हेच सांगतात. वाद करावा तो शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायाशी, कल्याण इच्छिणाऱ्या निर्मत्सर माणसाशी. वर पूर्वपक्षाच्या बाजूने मी ज्या ग्रंथाचा दाखला दिला, त्याच ग्रंथाचे हे दुसरे वचन पूर्वपक्षवाले विसरतात.

मर्सिए आणि स्पर्बर यांचीही अशीच अर्धी बाजू लोकांपर्यंत पोचली. तर्कबुद्धी दुसऱ्याची कारणे पारखण्यासाठीही घडली आहे आणि म्हणून चारचौघांत चर्चा झाली की निर्णय सुधारतो, हा त्यांच्या सिद्धान्ताचा उरलेला भाग.

विचार वाटण्याची ओढ तर स्पर्धेशिवायही दिसते. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे. शके 1511 मधला. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकी राजांची वंशावळ आहे आणि तिथी-नक्षत्रासह मशिदीचा काळ दिलेला आहे. तिथे कुणाला हरवायचे नव्हते. शहरातल्या दुसऱ्या भाषेच्या वाचकालाही ही वास्तू कुणाची आणि केव्हाची ते कळावे, यासाठी कुणीतरी पंचांग काढून बसले.

म्हणून वाद घालणाऱ्याच्या हेतूवर आधी बोट ठेवण्याची सवय मला घातक वाटते. तिने त्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची जबाबदारी टळते. हा लेख ज्यांना पटला नसेल, त्यांना माझी विनंती एवढीच आहे: मी तो का लिहिला हे शोधू नका, कुरानींचे भाष्य, पुरणसाहेबांची टीका आणि जामा मशिदीतला तो शिलालेख यांचा वेगळा अर्थ लागत असेल, तर तो लिहून कळवा.